फॉर्म शंभर टक्के भरले. आता पोरांच्या तयारीचं बोलू

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी, सर्व केंद्रप्रमुख आणि पाचवीचा वर्ग असलेल्या शाळांचे मुख्याध्यापक यांस,

स. न. वि. वि.

दरवर्षी पावसाळ्यात आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक तक्ता फिरू लागतो. शाळेचं नाव, युडायस क्रमांक, पाचवीचा पट, नवोदयचे (म्हणजे जवाहर नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या सहावी प्रवेश परीक्षेचे) भरलेले फॉर्म, शिल्लक फॉर्म आणि शेवटच्या रकान्यात टक्केवारी. खाली सूचना असते, आज सायंकाळपर्यंत शंभर टक्के काम पूर्ण करावे, अन्यथा लेखी खुलासा सादर करावा. मग एका दुपारी अख्खा वर्ग भिंतीला उभा करून फोटो काढले जातात, मुलांच्या आणि पालकांच्या सह्या घेतल्या जातात, कापसात फवारणी करणाऱ्या बापाला फोन लावून ओटीपी विचारला जातो. तक्ता पूर्ण होतो. त्यानंतर या परीक्षेचं नाव शाळेत निघतं ते थेट हॉलतिकीट आल्यावर.

हे पत्र त्या मधल्या आठवड्यांबद्दल आहे. मी पाचवीचा वर्ग सांभाळणारा शिक्षक आहे, आणि फॉर्म भरण्याची मोहीम चालवायला माझी काहीच हरकत नाही. परीक्षेला शुल्क नाही, मूल पात्र आहे, तर फॉर्म भरलाच पाहिजे. पण ज्या नेटाने आपण फॉर्मचा पाठपुरावा करतो, त्याच्या पावपट नेट तरी पुढच्या तयारीसाठी दाखवावा, एवढंच मागणं आहे. या परीक्षेला दुसरी संधी नसते. सहावीच्या प्रवेशासाठी मूल एकदाच बसू शकतं. पाचवीत पुन्हा बसवूनही उपयोग नाही.

आधी वेळ किती हातात असतो ते पाहू. नवोदय म्हणजे जानेवारी, असं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं आहे. २०२५ मध्ये एका तुकडीची परीक्षा १८ जानेवारीला झाली आणि त्याच वर्षी पुढच्या तुकडीची १३ डिसेंबरला. म्हणजे सव्वा महिना असाच गेला. दिवाळीनंतर बघू म्हणणाऱ्या शाळांकडे दिवाळीनंतर फार काही उरलंच नाही. त्यात प्रथम सत्राची परीक्षा, सहल, स्नेहसंमेलनाची तयारी, कुठल्या ना कुठल्या सर्वेक्षणाची ड्युटी. शिवाय आपल्याकडे चौथीपर्यंतच्या शाळा खूप आहेत. तिथली मुलं जूनमध्ये पाचवीसाठी शेजारच्या गावच्या हायस्कुलात जातात. ज्या गुरुजींना या मुलांची नस माहीत होती ते मागे राहतात, आणि नव्या वर्गशिक्षकाला साठ-सत्तर पोरांची नावंही पाठ झालेली नसतात तोवर फॉर्मची मुदत संपत आलेली असते. तेव्हा कमी वेळात तयारी हा अपवाद नाही, आपल्याकडे तोच नियम आहे. मग ती नीट तरी करू.

कमी वेळ म्हटला की बहुतेकांचा हात पहिल्यांदा जातो तो जाडजूड गाइडाकडे. माझ्या मते ही सगळ्यात वाईट सुरुवात. पेपर कसा आहे ते आधी बघा. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले ४० प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, बुद्धिमत्तेचे, आणि ते सगळे आकृत्यांचे आहेत. या अर्ध्या पेपरला ना इतिहास लागतो, ना भूगोल, ना पाढे. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता पेपरात अक्षरमाला, सांकेतिक भाषा, नातेसंबंध, दिशा असं बरंच काही असतं. नवोदयला ते नाही. तरीही पुष्कळ शाळांत शिष्यवृत्तीचंच पुस्तक 'दोन्हीला चालतं' म्हणून पहिल्या पानापासून घेतलं जातं, आणि ऑक्टोबरचा महिना सांकेतिक लिपीत जातो.

आकृत्यांचे प्रकार ठरलेले आहेत. वेगळी आकृती ओळखा, तंतोतंत जुळणारी शोधा, अपुरी आकृती पूर्ण करा, मालिका पुढे न्या, समसंबंध, आरशातली प्रतिमा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद, तुकडे जोडून होणारी आकृती, लपलेली आकृती, असे मिळून दहा प्रकार आणि प्रत्येकाचे चार प्रश्न. हे फळ्यावर शिकवता येत नाही. मी तर म्हणेन, फळ्यावर शिकवूच नये. कागदाच्या घडीचंच घ्या. चौकोनी कागद मधोमध दुमडला, पुन्हा तिरपा दुमडला, कोपऱ्याजवळ छिद्र पाडलं. उघडल्यावर छिद्रं कुठे दिसतील? फळ्यावर तुटक रेषा काढून कितीही समजावलं तरी मागच्या बाकावरचं पोर नुसती मान हलवतं. त्याच पोराच्या हातात रद्दी वर्तमानपत्राचा चौकोन द्या. घडी त्यालाच घालू द्या, छिद्र त्यालाच पाडू द्या; पण उघडण्याआधी वहीत चार टिंबं काढून दाखव म्हणावं. पहिल्यांदा टिंबं भलतीकडे पडतात. कागद उघडला की ते स्वतःशीच हसतं, आणि घडीच्या रेषेवर बोट ठेवून पुन्हा बघतं. दहा-बारा कागद वाया गेले की त्याला कागदाची गरज लागत नाही. आरशाच्या प्रश्नांचं तेच. एक छोटा आरसा आकृतीशेजारी उभा धरायचा, आधी सांगायचं आणि मग बघायचं. खर्च शून्य आहे. वेळ म्हणाल तर परिपाठानंतरची पंधरा मिनिटं पुरतात, पण ती रोज हवीत. शनिवारी सलग दोन तास घडीकाम केलं तर पोरं कंटाळतात आणि सोमवारी विसरतात.

गणिताचे २० प्रश्न, २५ गुण. इथे एक खाच आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत पाचवीला विभाज्य-विभाजक येतात, पण लसावि-मसावि येतात सहावीला. नवोदयच्या अभ्यासक्रमात असे पुढचे घटक असू शकतात. म्हणजे पाचवीचं पुस्तक कितीही मन लावून संपवलं तरी काही प्रश्न मुलाने जन्मात न पाहिलेले निघू शकतात. त्या वर्षीचं माहितीपत्रक डाउनलोड करून त्यातली गणिताच्या घटकांची यादी वर्गशिक्षकाच्या टेबलावर ठेवा. गाइडातली यादी जुनी असू शकते. सहावीच्या पुस्तकातले तेवढेच घटक उचला. आठ-दहा आठवड्यांत सगळं गणित नव्याने शिकवणं होणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. माझा भर अपूर्णांक, दशांश आणि मापनावर असतो. पावणेदोन किलोचे ग्रॅम किती, सव्वातीन तासांची मिनिटं किती, इथे अडखळणारी पोरं मला दरवर्षी दिसतात, आणि त्यातलीच कित्येक बाजारात भाजी तोलताना हेच हिशेब तोंडी करत असतात. त्यांना फक्त कागदावर आणायचं आहे.

भाषेचे २० प्रश्न म्हणजे उतारे आणि त्यावरचे प्रश्न. पेपर मराठीतून मिळतो म्हणून या विभागाकडे कुणी बघतच नाही. आपली मुलं उतारा मोठ्याने सुरेख वाचतात. मूकवाचन करायला सांगा, ओठ हलत राहतात, बोट शब्दाखाली सरकत राहतं, आणि अर्धा तास दोन उताऱ्यांतच संपतो. यावर तोडगा साधा आहे. रोज एक अनोळखी उतारा, मनातल्या मनात वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि काय वाचलं ते एका वाक्यात सांगायचं. उतारा पाठ्यपुस्तकातला नको. तो त्यांना पाठ असतो, प्रश्न न वाचताच उत्तरं येतात. वाचनालयाच्या पेटीतलं कुठलंही पुस्तक घ्या. ती पेटी बऱ्याच शाळांत कुलपात असते, हे जाता जाता.

आता वेळेचं. कुठलाही विभाग घ्या, प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळतं. दीड मिनिट म्हणजे काय, हे पाचवीच्या मुलाला सांगून कळत नाही. ते एका लपलेल्या आकृतीवर हट्टाने दहा मिनिटं घालवतं, कारण 'आधीचं सुटल्याशिवाय पुढे जायचं नाही' हे आपणच त्याला चार वर्षं शिकवलेलं असतं. इथे ते उलटं शिकवावं लागतं. अडलं की सोड, पुढे जा, शेवटी परत ये. आणि शेवटी एकही प्रश्न कोरा ठेवू नकोस, कारण चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सज्जन पोरांना अंदाजाने उत्तर देणं खोटं बोलल्यासारखं वाटतं. त्यांना ही परवानगी गुरुजींनी तोंडाने द्यावी लागते.

आणि उत्तरपत्रिका! माझ्या मते थोडक्या वेळात सगळ्यात जास्त फळ देणारी गोष्ट हीच, आणि नेमकी हीच कुणी करून घेत नाही. निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने गोल रंगवायचा, पेन्सिल चालत नाही, एकदा रंगवलं की खोडता येत नाही. आपली मुलं चौथीपर्यंत पेन्सिलीने लिहितात. पेन हातात घेतल्यावर ती एवढा जोर देतात की गोलाच्या जागी मागच्या बाजूला फुगवटा येतो. कुणी गोलात बरोबरची खूण करतं, कुणी दोन गोल रंगवून एकावर फुली मारतं. सगळ्यात मोठा घोटाळा मात्र ओळ चुकण्याचा. तेविसावा प्रश्न सोडला आणि चोविसाव्याचं उत्तर तेविसाव्या ओळीत गेलं की पुढचं सगळं एकेक घर सरकतं. मूल हुशार आहे, उत्तरं बरोबर आहेत आणि गुण नाहीत. हे टाळायला एवढंच करायचं: प्रश्नपत्रिका डावीकडे, उत्तरपत्रिका उजवीकडे, आणि दर पाच प्रश्नांनी ओळीचा क्रमांक पुटपुटून ताडायचा. चार-पाच सराव उत्तरपत्रिकांत ही सवय लागते. गटशिक्षणाधिकारी साहेब, या झेरॉक्सचा खर्च दोन शिक्षकी शाळेच्या सादिलमधून (किरकोळ खर्चाच्या अनुदानातून) निघत नाही. केंद्रावर एकदाच छापून प्रत्येक मुलाला पाच-सहा प्रती मिळाल्या, तर बाकी आम्ही करून घेऊ. एवढी एक मागणी मान्य झाली तरी हे पत्र लिहिल्याचं सार्थक झालं, असं मी समजेन.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. आधारवरचं नाव आणि जनरल रजिस्टरमधलं नाव जुळत नसेल तर ते जूनमध्ये बघा, मुदतीच्या आदल्या रात्री नको. अर्जाची मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी थोडा अवधी मिळतो. त्यात परीक्षेचं माध्यम, प्रवर्ग, ग्रामीण की शहरी, एवढं तरी प्रत्येक फॉर्ममध्ये पुन्हा पाहून घ्या. घाईत भरलेल्या फॉर्मात माध्यम भलतंच निवडलं गेलं, तर मराठी शाळेतल्या मुलापुढे हिंदी पेपर येतो.

ग्रामीण-शहरीचा मुद्दा मात्र पालकसभेत ओरडून सांगण्यासारखा आहे. नवोदयातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना असतात, पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत गेला तरी मूल शहरी धरलं जातं. नवोदयची तयारी चांगली व्हावी म्हणून पोराला पाचवीला तालुक्याच्या शाळेत घालणारे पालक मी दरवर्षी बघतो. तालुक्याच्या कित्येक गावांची आता नगरपंचायत झाली आहे. बापाच्या लेखी ते अजून गावच असतं, कागदावर मात्र ते शहर असतं. ज्या जागेसाठी धडपड, तीच जागा बाप आपल्या हाताने घालवतो. दुसरा प्रकार त्याहून वाईट. नाव गावच्या हजेरीपटावर, आणि मूल तालुक्याच्या अकॅडमीत मुक्कामाला. हे आपल्याला सगळ्यांना माहीत असतं आणि पट टिकतो म्हणून आपण बोलत नाही. मुख्याध्यापकहो, त्या फॉर्मबरोबरच्या प्रमाणपत्रावर सही तुमची असते.

अकॅडम्यांचा विषय निघालाच आहे तर, दिवाळीत 'चाळीस दिवसांत नवोदय' असे फलक लागतात त्यांना मी फारसं महत्त्व देत नाही. जिल्ह्याच्या नवोदयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. फलक लावणाऱ्या प्रत्येकाने तेवढीच वाटून घ्यायची असतात. घरापासून दूर, परक्या खोलीत, दहा वर्षांच्या मुलाला पहाटे पाचला उठवून सराव प्रश्नपत्रिकांचा रतीब घातला तर ते डिसेंबरपर्यंत थकतं. वर लिहिलेलं सगळं शाळेत, शाळेच्या वेळेत होतं. मात्र शाळेत ते होत नाही म्हणून पालक तिकडे पैसे मोजतात, हेही तितकंच खरं.

ऊसतोड कामगारांच्या मुलांबद्दल वेगळं लिहितो. दसरा झाला की टोळ्या निघायला लागतात, दिवाळीपर्यंत गावं ओस पडतात. परीक्षा होते ती त्यानंतर. म्हणजे जुलैत ज्या मुलीचा फॉर्म आपण भरला, ती डिसेंबरात तीनशे किलोमीटरवर एखाद्या कारखान्याच्या फडात, धाकट्या भावाला सांभाळत बसलेली असते. हॉलतिकीट शाळेच्या कपाटात राहतं. तक्त्यात तिचा फॉर्म मोजला गेला. ती परीक्षेला बसली का, याचा रकाना कुठेच नाही. हंगामी वसतिगृहाची योजना नेमकी अशाच मुलांसाठी आहे, पण मंजुरी येईपर्यंत कोयते (ऊसतोडीला जाणारी जोडपी) निघून गेलेले असतात. ज्या गावांतून स्थलांतर होतं तिथली वसतिगृहं दसऱ्याआधी सुरू करा. ते जमत नसेल तर फॉर्म भरलेल्या मुलांची यादी वेगळी काढून आजी-आजोबांशी आत्ताच बोला. दोन महिने मुलगी त्यांच्याजवळ राहील का, जेवणाचं काय, हे ठरवा. हे काम मुकादमाची गाडी दारात आल्यावर होत नाही. नवोदय मुळात कुणासाठी काढली? देशातल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक १९८५-८६ मध्ये आपल्याच अमरावतीत सुरू झाली. ग्रामीण भागातल्या हुशार मुलांना राहण्या-जेवण्यासह चांगलं शिक्षण मोफत मिळावं, हा हेतू. फडातल्या मुलीपेक्षा त्यावर जास्त हक्क कुणाचा असेल, मला तरी सुचत नाही.

अजून एक गोष्ट तयारीत कुणी धरत नाही: मुलाला विचारणं. निवड झाली तर त्याला घर सोडून वसतिगृहात राहायचं आहे. पुढे नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयात पाठवतात, हेही पालकांना आधी माहीत असायला हवं. निकाल लागल्यावर आई रडते, मूल पाय आपटतं आणि जागा सोडली जाते, असं होतं. पालकसभेत शेजारच्या गावातलं नवोदयात शिकणारं एखादं पोर सुट्टीत आलं असेल तर त्याला बोलवा. आपल्या तासाभराच्या भाषणापेक्षा मुलं त्याला जास्त प्रश्न विचारतात. तिथे मोबाइल मिळतो का, हा पहिला.

तेव्हा पुढच्या वर्षी तक्ता जरूर फिरवा, पण त्यात तीन रकाने वाढवा. मुलाने पूर्ण वेळ लावून किती सराव पेपर सोडवले, किती उत्तरपत्रिका रंगवल्या, आणि परीक्षेच्या दिवशी ते केंद्रावर हजर होतं का. खुलासा मागायचाच तर या रकान्यांचा मागा. सराव पेपर शनिवारी ठेवा. अलीकडे परीक्षाही शनिवारीच होते, साडेअकराला. त्याच वेळेला दोन तास न उठता बसायची सवय तरी होईल. आपल्या वर्गात तहान लागली की मूल उठतं, तिथे तसं उठता येत नाही.

परीक्षेच्या दिवसाची व्यवस्था केंद्रप्रमुखांनी हातात घ्यावी. तालुक्याच्या ठिकाणी सकाळी वेळेवर पोहोचणारी एसटी प्रत्येक गावातून नसते. दोन-तीन शाळांनी मिळून एक गाडी केली, सोबत एक शिक्षक दिला, तर मोटारसायकलवर तिघं बसून थंडीत कुडकुडत येणारी पोरं वाचतील. त्या शिक्षकाला त्या दिवशी कर्तव्यरजा द्या. गेल्या खेपेस ती मागणाऱ्याला 'हे तुमचं वैयक्तिक काम' असं उत्तर मिळालं होतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पाचवीचा एक वर्गशिक्षक

ता. क. हॉलतिकिटासोबत प्रत्येक मुलाकडे दोन बॉलपेन द्या, आणि ते आठवडाभर आधीपासून वापरायला द्या. नवं कोरं पेन परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा उघडू नये. त्यातली निम्मी सुरुवातीला उमटत नाहीत.